छत्राचं रान

तंजावरला पोस्टिंग आली तेव्हा घरच्या मंडळींनी मला अभ्यासाची यादीच दिली. सरस्वती महाल ग्रंथालय बघ, मोडी कागद बघ, बृहदीश्वराच्या देवळावर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख बघ. हे सगळं मी पहिल्या दोन महिन्यांत पाहिलं. त्यावर लिहायचंही होतं. पण आज लिहितोय ते एका जंगलाबद्दल, आणि त्याला कारण माझा एक कॅडेट.

सध्या मी एनसीसीच्या नेमणुकीवर आहे. परेड संपल्यावर एक मुलगा थांबला. पट्टुक्कोट्टैकडचा, बारावीतला, ड्रिलमध्ये पक्का. म्हणाला, "सर, मला फॉरेस्ट्री शिकायची आहे. मेट्टुपाळयमला कॉलेज आहे. अप्पा म्हणतात, झाडं तर घरीही आहेत, त्यासाठी चार वर्षं कशाला घालवायची? तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?"

मी होकार दिला आणि मग लक्षात आलं की वडिलांना सांगायला माझ्याकडेही काही नाही. वनशास्त्र म्हणजे नेमकं काय शिकवतात? देहरादूनला आयएमएत असताना त्या विद्येच्या माहेराशेजारीच आम्ही राहत होतो. चक्राता रोडवर धावताना वन संशोधन संस्थेची ती १९२९ सालची लांबच लांब विटांची इमारत रोज दिसायची. पण त्या वयात तिचा उपयोग एवढाच, की ती आली म्हणजे अजून किती धावायचं बाकी आहे ते कळायचं. आत काय चालतं हे विचारावंसं कधी वाटलं नाही. ती चूक वीस वर्षांनी सुधारायला बसलो.

या विद्येची सुरुवात टंचाईतून झाली. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात खाणींच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नावाच्या खाण अधिकाऱ्यानं १७१३ साली एक ग्रंथ लिहिला. त्याचं सांगणं आपल्या आजीला पटलं असतं: जेवढं वाढतं तेवढंच तोडा, मुदलाला हात लावू नका. पुढे जर्मनीत आणि फ्रान्समध्ये यावर शाळा निघाल्या. भारतात कंपनी सरकारला जहाजांसाठी सागवान हवं होतं, मग रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर हवे झाले, आणि जंगलं झपाट्यानं संपू लागली. १८५६ साली मद्रास इलाख्यात वनखातं निघालं आणि ह्यू क्लेगहॉर्न हा डॉक्टर त्याचा पहिला प्रमुख झाला. त्याच वर्षी डीट्रिख ब्रांडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवानी रानांवर नेमला गेला. हत्तीवर बसून तो रानातून जाई आणि हातातल्या बांबूच्या तुकड्यावर चाकूनं खाचा पाडत सागाची झाडं मोजी. लहान, मध्यम, मोठं, प्रत्येकाची खाच वेगळी. आपल्या भाषेत सांगायचं तर सरळ सरळ रेकी. १८६४ साली हाच माणूस हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला आणि १८७८ साली देहरादूनला फॉरेस्ट स्कूल सुरू झालं. दक्षिणेसाठी १९१२ साली कोइम्बतूरला मद्रास फॉरेस्ट कॉलेज निघालं.

तिथे शिकवलं जाणारं मुख्य हत्यार म्हणजे कार्य आयोजना. जंगल मोजायचं, त्याचे तुकडे पाडायचे, एकेका तुकड्याला कूप म्हणायचं, दर वर्षी एक कूप तोडायचं आणि शेवटच्या कुपापर्यंत पोचेतो पहिलं परत वाढलेलं असलं पाहिजे. कागदावर ही योजना इतकी सुबक दिसते की कुठल्याही स्टाफ ऑफिसरनं सलाम ठोकावा. आमच्याकडे मात्र एक म्हण आहे, पहिली गोळी सुटेपर्यंतच प्लॅन टिकतो. जंगलात गोळी सुटत नाही, त्यामुळे प्लॅन चुकलाय हे कळायला पन्नास वर्षं लागू शकतात.

हे सगळं वाचलं, पण त्या मुलाच्या वडिलांना देहरादून आणि सॅक्सनीचं काय? त्यांच्या अंगणातलं उदाहरण हवं होतं. तंजावर म्हणजे कावेरीचं खोरं, नजर जाईल तिथवर भात. डोंगर नाही, त्यामुळे डोंगरातलं रानही नाही. सुभेदार साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "सर, जंगल आहे. समुद्राच्या काठाला. मुथुपेट." एका रविवारी निघालो.

तंजावरहून दक्षिणेला जाणारा रस्ता ओरतनाडूवरून पट्टुक्कोट्टैला जातो आणि पुढे समुद्राकडे. ओरतनाडूला थांबलोच, कारण इथे सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाच्या नावानं एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बांधलेलं छत्रम आहे. छत्रम म्हणजे आपलं अन्नछत्र. तंजावरच्या भोसल्यांनी, आणि विशेषतः त्यांच्या राण्यांच्या नावांनी, रामेश्वरच्या यात्रेच्या वाटांवर अशी कितीतरी छत्रं उभी केली. नीडामंगलमला यमुनांबाच्या नावाचं आहे. १७९९ च्या तहात राज्य कंपनीकडे गेलं, राजांकडे तंजावरचा किल्ला आणि आसपासचा मुलूख उरला. त्यानंतर १८०१ मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं ते या छत्रांसाठी. त्यात त्यांनी छत्रांची रीत सांगितली आहे. वाटसरू कुठल्याही जातीचा असो, त्याला अन्न मिळतं. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी उपाशी राहिला असेल तर त्याला जेवायला बोलावलं जातं. आजाऱ्याला वैद्य, अनाथ पोरांना शिक्षक. राज्य गेलेला राजा मागतोय काय, तर ही छत्रं बंद करू नका. त्या मंडपात उभं राहून मराठी माणसाची मान ताठ होते, खोटं कशाला बोलू.

पण मग मुथुपेटला पोचलो आणि त्याच गोष्टीची दुसरी बाजू कळली.

जांबुवानोडैच्या धक्क्यावरून वनखात्याची होडी मिळते. कोरैयार नदीतून दोन्ही काठांनी तिवरांच्या भिंती. आपल्या कोकणातलीच तिवर, बगळ्यांनी भरलेली, चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं. तासाभरानं नदी एका विस्तीर्ण खाजणात उघडते आणि पलीकडे पाल्कचा उपसागर. तमिळमध्ये या रानाला 'अलैयात्ती काडु' म्हणतात, म्हणजे लाटांना शांत करणारं रान. सगळं मिळून सुमारे १२ हजार हेक्टरांची ही दलदल तमिळनाडूतलं सगळ्यात मोठं कांदळवन मानतात. १९९१ पर्यंत हा भाग तंजावर जिल्ह्यातच होता, आता बराचसा तिरुवारूरमध्ये मोडतो.

आणि हे रान कुणाचं होतं? छत्राचं! संस्थान खालसा झालं १८५५ मध्ये, दुसऱ्या शिवाजी राजांच्या मृत्यूनंतर. छत्रं मात्र बंद झाली नाहीत, त्यांची व्यवस्था इंग्रजी अमलात छत्रम खात्याकडे राहिली. मुथुपेटचं कांदळवन १८५० च्या दशकापासून १९१२ पर्यंत याच खात्याच्या ताब्यात होतं. पुढे १९२३ ते १९३६ या काळात रानातला माल विकून येणाऱ्या पैशातला निम्मा वाटा छत्रम खात्याला आणि निम्मा सरकारला मिळे. १९३७ मध्ये रान वनखात्याकडे आलं आणि त्याचे पलंजूर, तामरंकोट्टै, मरवाकाडु, वडकाडु, तुरैकाडु आणि मुथुपेट असे राखीव भाग पाडले गेले.

म्हणजे ज्या घंटेच्या आवाजानं उपाशी माणूस मध्यरात्री जेवायला उठायचा, त्या संस्थेच्या खर्चाचा काही भाग पुढच्या काळात या तिवरांनी उचलला. विचार केला तर यात नवल नाही. खोऱ्यात तांदळाला तोटा नाही, पण भात शिजवायला सरपण लागतं आणि सपाट भातखाचरांच्या मुलुखात ते आणणार कुठून? तिवराचं लाकूड इमारतीच्या कामाचं नाही, जळणाचं आहे.

तोड झाली ती शास्त्रशुद्ध. देहरादून-कोइम्बतूरच्या पद्धतीनं कुपं पाडून, एका कुपातली सगळी झाडं साफ करून, परत वाढायला जागा मोकळी ठेवून. सागाच्या डोंगरी रानात हे चालतं. साग तोडला की बुंध्यातून फुटवे येतात, पाऊस पडतो, उतारावरून पाणी निघून जातं. पण कांदळवनात जमीन म्हणजे भरती-ओहोटीचा चिखल. वरची सावली गेल्यावर ऊन थेट चिखलावर पडलं. त्यातलं पाणी उडालं आणि चिखल बसला, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा खाली गेला. तयार झाली एक उथळ परात. भरतीचं पाणी परातीत आलं, ओहोटीला बाहेर पडू शकलं नाही, तिथेच आटलं आणि मीठ मागे ठेवून गेलं. पुढच्या भरतीला आणखी मीठ. काही वर्षांत ती जमीन इतकी खारट झाली की समुद्राच्या पाण्यात उभं राहणारं तिवरही तिथे रुजेना. रानाच्या मधोमध टकलं पडली. १९७० च्या दशकापर्यंत तोड थांबली, तरी टकलं भरली नाहीत. त्यांचा दोष मग बराच काळ गावकऱ्यांच्या कुऱ्हाडीवर आणि गुरांच्या चरण्यावर टाकला गेला.

मंडळी, हे ऐकताना मला घाम फुटला, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी एका छावणीत वृक्षारोपणाची जबाबदारी माझ्याकडे होती. एक सखल मोकळं मैदान होतं. दोरी लावून, सरळ रांगेत, फौजी अंतरानं खड्डे खणले. जवानांनी जीव तोडून काम केलं. मोठे साहेब आले, फोटो निघाले, मला शाबासकी मिळाली. पावसाळ्यात त्या काळ्या जमिनीत पाणी साचलं ते आठवडेच्या आठवडे हललं नाही. दिवाळीपर्यंत निम्मी रोपं कुजली आणि उन्हाळ्यात उरलेली वाळली. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत परत नवी रोपं लावली! एका म्हाताऱ्या माळ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, इथं पाणी बसतं." मी ऐकलं नाही. हल्ल्याआधी जमीन वाचायची हे खडकवासल्यापासून घोकलेला माणूस मी, पण रोप लावताना जमीन वाचायची असते हे डोक्यात आलंच नाही.

मुथुपेटची जमीन पुन्हा वाचली गेली ती १९९० च्या दशकात. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचं नाव हरितक्रांतीमुळे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचा जन्म १९२५ चा, याच मुलुखातल्या कुंभकोणमचा. त्यांनी १९८८ मध्ये चेन्नईला काढलेल्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि तमिळनाडू वनखात्यानं मिळून पिचावरम आणि मुथुपेटच्या टकलांचा अभ्यास केला. त्यांनी आधी झाडं मोजली नाहीत, पातळ्या मोजल्या. जमीन कुठे किती खोल आहे, भरतीचं पाणी कुठवर येतं, कुठे अडतं, मिठाचं प्रमाण किती. मग उत्तर सोपं होतं. परातीला वाट करून द्यायची.

होडीवाल्यानं मला ते कालवे दाखवले. माशाच्या काट्यासारखी रचना. मधून एक मोठा कालवा, तो नैसर्गिक खाडीला जोडलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तिरके निघालेले लहान कालवे. भरतीला पाणी या वाटांनी आत शिरतं आणि ओहोटीला बाहेर पडतं, जाताना मीठ धुऊन नेतं. रोपं लावली ती कालव्याच्या उतारावर, मध्यावर, म्हणजे भरतीत भिजतील पण बुडून राहणार नाहीत अशी. काही वर्षांत तिथे रान उभं राहिलं. कालव्यांत गाळ भरतो, तो उपसावा लागतो, म्हणून काठावरच्या गावांच्या समित्या केल्या आणि वनखातं, शास्त्रज्ञ व गावकरी यांनी मिळून काम वाटून घेतलं. ज्या गावकऱ्यांना आरोपी ठरवलं होतं, तेच आता राखणदार झाले.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ब्रांडिसची विद्या खोटी नव्हती. जेवढं वाढतं तेवढंच तोडा, हा नियम आजही खराच आहे. छत्रं चालवणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता, त्यांना भुकेल्यांना जेवू घालायचं होतं. वनखात्याचे अधिकारी आपापल्या शिकवणुकीप्रमाणे प्रामाणिकपणे वागले. तरी रानाला टकलं पडली, कारण हिशेबात फक्त लाकूड धरलं होतं. पाण्याचा रकानाच वहीत नव्हता. वनशास्त्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे एका अर्थी या वहीत एकेक रकाना वाढत गेल्याचा इतिहास आहे. आधी लाकूड, मग माती, मग पाणी, मग प्राणी-पक्षी, आणि सगळ्यात उशिरा रानाच्या काठावरचा माणूस.

आपल्याकडे हा रकाना फार आधी सुचला होता, असं कुणी म्हणेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं आणावं याचे नियम आहेत. आंबा-फणसाच्या झाडांना रयतेनं लेकरासारखं वाढवलेलं असतं, ती बळजबरीनं तोडू नयेत, मालकाला राजी करून, मोल देऊनच घ्यावीत, असा त्याचा आशय. काठावरच्या माणसाचा रकाना त्यात स्पष्ट आहे. पण आज्ञापत्राचा अभिमान बाळगणारे आपण मुंबईच्या खाड्यांतल्या तिवरांवर किती वर्षं भराव टाकत होतो? महाराष्ट्राचा कांदळवन कक्ष २०१२ साली निघाला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष ठरवलं गेलं. उशिरा का होईना, वहीत नोंद झाली.

फौजेच्या वहीतही ती आहे. १९८२ साली चुनखडीच्या खाणींनी उघड्या पडलेल्या मसुरीच्या डोंगरांसाठी प्रादेशिक सेनेची पहिली इको बटालियन उभी राहिली, गढवाल रायफल्सची १२७. त्यात निवृत्त सैनिकच परत वर्दी चढवतात. मराठवाड्यात महार रेजिमेंटची १३६ इको आहे. हे वाचणाऱ्या माजी सैनिकांपैकी कुणी त्यांत काम केलं असेल, तर त्यांनी मला त्या सखल मैदानाबद्दल खुशाल चार शब्द सुनवावेत.

पुढच्या आठवड्यात मी मुलाच्या घरी गेलो. पट्टुक्कोट्टैजवळ त्यांची नारळाची बाग आहे. म्हणजे होती. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या मध्ये जमिनीवर आलं आणि या पट्ट्यातली नारळाची झाडं काड्यांसारखी मोडली. बापानं आयुष्यभर वाढवलेली झाडं एका रात्रीत आडवी झाली. आता मधल्या जागांत नवी रोपं आहेत, अजून फळ नाही. मुथुपेटच्या रानालाही त्या रात्री जबर मार बसला होता.

वडील मोजकं बोलणारे. सुभेदार साहेब दुभाषी. मी त्यांना छत्राच्या रानाची गोष्ट सांगितली, परातीची आणि माशाच्या काट्याची. त्यांनी मध्येच विचारलं, "रान असतं तर वादळ अडलं असतं का?" मी खरं तेच सांगितलं. वारा अडत नाही. लाट अडते, पाणी अडतं. २००४ च्या त्सुनामीत पिचावरमच्या तिवरांमागच्या गावांचं नुकसान कमी झाल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. पण रान टिकायला वरून कावेरीचं गोडं पाणी यायला हवं, आणि धरणं-कालव्यांमुळे ते आता पावसाळ्यानंतरचे थोडेच महिने पोचतं. म्हणून मुथुपेटला जवळजवळ सगळं तिवरच उरलं आहे, खारं सोसणारं. बाकीच्या जाती टिकत नाहीत. वरच्या शेतकऱ्याला भातासाठी पाणी हवं आणि खालच्या रानाला जगण्यासाठी. हा हिशेब कसा बसवायचा, हे कुणीतरी शिकून घ्यायला हवं.

ते बराच वेळ गप्प होते. मग मुलाकडे वळून तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. सुभेदार साहेब हसले. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, शिकून आलास की आधी आपल्या बागेत पाणी कुठे साचतं ते सांग."

निघताना त्यांनी दोन शहाळी फोडली. शेजारच्या बागेतली होती. मुलाचा अर्ज गेला आहे. निकाल लागला की कळवीन. आणि माझ्या जुन्या छावणीत सध्या असलेल्या मित्राला मी फोन केला. त्या मैदानात यंदा एकही रोप लावू नकोस, म्हटलं. आधी एक पावसाळा नुसता उभा राहून बघ, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं.

जय हिंद.